लिब्रे ऑफिस रायटरमध्ये मराठी स्मरणिका करतोय. फॉन्ट बदलत नाही, अनुक्रमणिका चुकते, दुसऱ्या संगणकावर पानं हलतात. फुकट सॉफ्टवेअर म्हणून असं होतं का?

नाही, फुकट असण्याचा याच्याशी संबंध नाही. तुम्ही लिहिलंय की ९६ पानी स्मरणिका आहे, मराठी मजकुरात मधेमधे इंग्रजी नावं आहेत, फॉन्टचा आकार कधी लागतो कधी लागत नाही, अनुक्रमणिका हाताने टाइप केली आहे आणि छापखान्यातल्या संगणकावर फाइल उघडली की पानं पुढेमागे होतात. या तक्रारींचं मुख्य मूळ एकच आहे: मजकूर निवडायचा आणि वरच्या पट्टीवरून फॉन्ट, आकार, ठळकपणा देत सुटायचं, ही सवय. दोन-तीन पानांच्या अर्जाला ती चालून जाते. ९६ पानांना चालत नाही, मग सॉफ्टवेअर कितीही महागाचं असो.

आधी फॉन्टचं बघू, कारण मराठीत काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं घोडं इथेच अडतं. रायटर प्रत्येक परिच्छेदासाठी एक नाही, तीन फॉन्ट लक्षात ठेवतो: रोमन लिपीसाठी वेस्टर्न, चिनी-जपानीसाठी एशियन आणि देवनागरी, अरबी वगैरेंसाठी कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल. तिघांचे आकार वेगळे, ठळकपणा वेगळा, भाषाही वेगळी. कर्सर इंग्रजी शब्दात असताना तुम्ही आकार १४ केलात, तर तो वेस्टर्नला लागतो आणि पुढचं मराठी १२ वरच राहतं. म्हणून ‘कधी लागतो कधी नाही’ असं वाटतं. स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी आकडे यांना स्वतःची लिपी नसते, ते आधीच्या अक्षराची लिपी घेतात. त्यामुळे इंग्रजी नावानंतरचा स्वल्पविराम वेगळ्या फॉन्टात दिसतो. हा बिघाड नाही, नियम आहे.

आता सेटिंग. टूल्स → ऑप्शन्स → लँग्वेजेस अँड लोकेल्स → जनरल इथे जा (जुन्या आवृत्तीत या गटाचं नाव लँग्वेज सेटिंग्ज आहे). कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करा आणि त्यासमोर भाषा मराठी निवडा. हिंदी नको, कारण भाषेवर फक्त शुद्धलेखन तपासणी अवलंबून नसते, अक्षराचं वळणही अवलंबून असतं. मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे काढतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि कुठलं दाखवायचं ते मजकुराच्या भाषेवरून ठरतं. ‘शाळा’ आणि ‘लेख’ हे दोन शब्द टाइप करा, भाषा एकदा हिंदी आणि एकदा मराठी करून बघा. सोय असलेला फॉन्ट असेल तर फरक लगेच डोळ्यांत भरतो. टिरो देवनागरी मराठी हा मुक्त परवान्याचा फॉन्ट तर मराठी वळणासाठीच केलेला आहे. पुस्तकी मजकुराला मी तोच सुचवेन, आणि मथळ्यांना ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट.

फॉन्ट बसवला की एफ-११ दाबा. उजवीकडे स्टाइल्सची यादी उघडेल. स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर वगैरेंचा नाव देऊन साठवलेला संच. ‘डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’वर उजवं क्लिक करून एडिट स्टाइल घ्या, फॉन्टच्या टॅबमध्ये वेस्टर्न आणि कॉम्प्लेक्स दोन्हीकडे फॉन्ट, आकार आणि भाषा भरा. देवनागरी १२ असेल तर शेजारचं रोमन साधारण ११ वर ठेवा, नाहीतर इंग्रजी नावं ओळीत उगाच मोठी दिसतात. हेच पुन्हा ‘हेडिंग’ या स्टाइलमध्ये करा. मथळ्यांच्या सगळ्या पातळ्या फॉन्ट तिथून घेतात, डिफॉल्टमधून नाही. एकीकडेच बदल केला की मथळे जुन्याच फॉन्टात राहतात आणि माणूस चक्रावतो.

यानंतर प्रत्येक लेखाचं शीर्षक कंट्रोल+१ ने हेडिंग १ करा आणि मजकूर कंट्रोल+० ने बॉडी टेक्स्ट. कवितांसाठी, लेखकाच्या नावासाठी, जाहिरातीखालच्या ओळीसाठी स्वतःच्या स्टाइल बनवा आणि प्रत्येकीला ‘इनहेरिट फ्रॉम’मध्ये बॉडी टेक्स्ट द्या. मग शेवटच्या आठवड्यात अध्यक्षांनी ‘अक्षर जरा मोठं करा’ म्हटलं, तर एकाच जागी आकडा बदलायचा.

आधी पट्टीवरून दिलेलं फॉरमॅटिंग मात्र स्टाइलच्या डोक्यावर बसलेलं असतं. ते काढायला मजकूर निवडून कंट्रोल+एम. एक सावधगिरी घ्या: यात हाताने केलेलं ठळक आणि तिरपंही जातं. म्हणून एकदम सगळा मजकूर निवडू नका, लेखागणिक जा. ७.६ पासून पुढच्या आवृत्तीत स्टाइल्सच्या यादीखाली स्पॉटलाइट आहे. तो लावला की कुठल्या परिच्छेदाला कुठली स्टाइल आहे ते समासात रंग आणि क्रमांकाने दिसतं, हाताने केलेली ढवळाढवळही दिसते. जुनी आवृत्ती असेल तर एवढ्यासाठीच नवी घ्यावी.

पानं हलण्याची कारणं दोन. पहिलं, पुढच्या पानावर जायला एंटर एंटर एंटर मारलेले असतात. एक ओळ वाढली की पुढचं सगळं सरकतं. हेडिंग १ च्या स्टाइलमध्ये टेक्स्ट फ्लो → ब्रेक्स → इन्सर्ट, प्रकार पेज, जागा बिफोर असं द्या, प्रत्येक लेख आपोआप नव्या पानावर सुरू होईल. साचलेले रिकामे परिच्छेद काढायला कंट्रोल+एच, त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन्सवर खूण करा, शोधायच्या चौकटीत ^$ लिहा, बदलायची चौकट रिकामी ठेवा. दोन शब्दांमधल्या जादा मोकळ्या जागा काढायला शोधायच्या चौकटीत दोन स्पेस आणि अधिक चिन्ह टाका, बदलायच्या चौकटीत एक स्पेस.

दुसरं कारण, छापखान्यातल्या संगणकावर तुमचा फॉन्टच नसतो. रायटर गुपचूप दुसरा लावतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि पानं घसरतात. फाइल → प्रॉपर्टीज → फॉन्टमध्ये फॉन्ट फाइलमध्येच ठेवण्याची खूण आहे. दोन संपादक आळीपाळीने काम करत असतील तर ती करा. छापखान्याला मात्र पीडीएफच द्या, संपादन करता येईल अशी फाइल नको.

अनुक्रमणिका आता दोन मिनिटांचं काम आहे. इन्सर्ट → टेबल ऑफ कंटेंट्स अँड इंडेक्स, पहिला पर्याय. हेडिंग १ दिलेली सगळी शीर्षकं पान क्रमांकासकट येतात. नंतर काही बदललं तर टूल्स → अपडेट → अपडेट ऑल. अनुक्रमणिकेतच हाताने दुरुस्ती करू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. शीर्षकात चूक असेल तर मूळ लेखात सुधारा.

पान डेमी १/८ असेल तर मांडणी साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे सुमारे १४ × २१.६ सेंटिमीटर. फॉरमॅट → पेज स्टाइलमध्ये लेआउट ‘मिरर्ड’ करा, आतला समास २ सेंटिमीटर, बाहेरचा दीड. शिलाईकडचा समास कमी पडला तर ओळींची टोकं खाचेत जातात. मनोगत, शुभेच्छा वगैरे पानं सोडून क्रमांक १ पासून हवे असतील तर इन्सर्ट → मोअर ब्रेक्स → मॅन्युअल ब्रेक घेऊन पान क्रमांक १ द्या. रायटर विषम क्रमांक कायम उजव्या पानावर ठेवतो, त्यासाठी गरज पडली तर मधे एक कोरं पान घालतो. हे पान पडद्यावर सहज लक्षात येत नाही, पण फर्म्याचा, म्हणजे एकत्र छापून दुमडायच्या १६ पानांच्या गठ्ठ्याचा, हिशेब चुकवतं. ९६ पानं म्हणजे १६ चे बरोबर ६ फर्मे. एक कोरं पान वाढलं की ९७.

ओळींमधलं अंतर ‘फिक्स्ड’ ठेवा. १२ च्या देवनागरीला १८ पॉइंट बरं पडतं. प्रमाणात ठेवलं तर इंग्रजी शब्द असलेली ओळ कमी-जास्त उंच होते आणि पान विस्कटलेलं दिसतं. फिक्स्ड फार कमी केलंत तर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, म्हणून ‘कीर्ती’, ‘मूर्ती’ असे शब्द मोठं करून बघून घ्या.

लेखकांकडून येणाऱ्या मजकुरावर सगळ्यात जास्त वेळ जाईल, याची तयारी ठेवा. प्रत्येक लेख कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+व्ही ने, म्हणजे निव्वळ मजकूर म्हणून पेस्ट करा. त्यांच्या फाइलमधलं फॉरमॅटिंग दारातच राहतं. शिवाय लेख श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर पेस्ट होताच रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्यात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठी चित्रं चिकटवलेली असतात. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि मग ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’ या तीन जागा डोळ्यांनी तपासा. रूपांतरात तिथेच गडबड होते.

इथे एक बारीक गोष्ट. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ला वरचा चंद्र लावून. ‘ऱ्या’चंही तसंच, कुणी टिंबाचा ऱ वापरतो, कुणी साध्या र ला हलन्त देऊन अदृश्य जोडक घालतो. कागदावर सारखंच दिसतं, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. ‘दुसऱ्या’ शोधून पाच जागा मिळतात आणि सहावी तशीच राहते. संशय आला तर ‘ॲ’च्या लगेच मागे कर्सर ठेवून ऑल्ट+एक्स दाबा. यू+०९७२ दिसलं तर स्वतंत्र अक्षर आहे, दुसरं काही दिसलं तर जोडलेलं. पुन्हा ऑल्ट+एक्स केलं की अक्षर परत येतं. मग मजकुरातलंच चुकीचं रूप कॉपी करून शोधायच्या चौकटीत पेस्ट करा आणि बरोबर रूपाने एकदम बदला. शुद्धलेखन तपासणी चालवण्याआधी हे करा, म्हणजे लाल रेघा निम्म्या कारणाशिवाय येणार नाहीत. मराठी शब्दसंग्रह नसेल तर लिब्रे ऑफिसच्या एक्स्टेन्शन्सच्या संकेतस्थळावर मिळतो. तो कंट्रोल+ऑल्ट+ई ने बसवून रायटर बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

छायाचित्रं व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून मागवू नका. तिथे ती आकुंचित होऊन येतात. १० सेंटिमीटर रुंद छापायच्या फोटोला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) सुमारे १,१८० पिक्सेल रुंदी लागते. ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा.

शेवटी पीडीएफ. फाइल → एक्स्पोर्ट ॲज → एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ. चित्रांचं रिझोल्यूशन ३०० च्या खाली उतरवू नका आणि आपोआप घातलेली कोरी पानं पीडीएफमध्ये येतील अशी खूण करा, नाहीतर डावं-उजवं बिघडतं. आतली काळी-पांढरी पानं एवढ्यावर छापता येतात. रंगीत मुखपृष्ठ मात्र रायटरमध्ये करू नका. तो रंग आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात) देतो आणि छपाई सीएमवायकेत (चार शाईंत) होते, त्यात भगवा आणि गडद निळा हमखास फिके पडतात. मुखपृष्ठ स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. तेही मुक्त आहे, १.६ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट बसतात. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, सोडा.

त्याच पीडीएफ खिडकीत ‘हायब्रिड पीडीएफ’ नावाची खूण आहे. त्यातून निघणाऱ्या पीडीएफच्या पोटात मूळ ओडीएफ फाइलही, म्हणजे रायटरची संपादन करता येणारी फाइल, असते. छापखान्यासाठी साधी पीडीएफ काढा आणि मंडळाच्या दप्तरात ही दुसरी ठेवा. पुढच्या वर्षीच्या संपादकांनी ती रायटरमध्ये उघडली की तुमच्या सगळ्या स्टाइल त्यांना जशाच्या तशा मिळतील.