गाडीचा पार्ट घ्यायला जाण्याआधी

काउंटरवरच्या माणसानं मानही वर न करता "तो पार्ट येत नाही" म्हटलं, की नवखा माणूस गुपचूप मागे फिरतो. तू फिरू नकोस. बऱ्याचदा पार्ट असतो, शोधायचा कंटाळा असतो. किंवा आपलं विचारणंच मोघम असतं. 'अमुक गाडीच्या ब्रेक डिस्क द्या' एवढं पुरत नाही. एकाच मॉडेलला, एकाच वर्षी, दोन वेगळ्या मापांच्या डिस्क बसवलेल्या असू शकतात.

म्हणून चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, फोटो मोबाइलमध्ये ठेवच. अक्षरं-आकडे मिळून तो 17 खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. शक्य असेल तर जुना पार्टच पिशवीत घालून ने. त्यावरची काजळी पुसली की बहुतेकदा पार्ट नंबर सापडतो. आल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) असेल तर अँपिअर, पुलीच्या खाचा आणि प्लगच्या पिना तिथल्या तिथे जुन्याशी ताडून बघ. "बसेल हो" यावर विसंबून पैसे देऊ नकोस. इलेक्ट्रिकल पार्ट अनेक दुकानं परत घेत नाहीत, तेव्हा बिल करण्याआधीच विचार.

आवाज मात्र चढवू नकोस. गर्दी नसेल तेव्हा जा. तरीही धड उत्तर मिळालं नाही, तर दुकानातल्या जुन्या माणसाला गाठ. अशांना कितीतरी पार्ट कॅटलॉग न उघडता आठवतात. तोही नसेल तर पार्ट नंबर हातात आहेच, सरळ दुसऱ्या दुकानात फोन लाव.