दाद, खाज, खुजली: आजार तीन की एक?

चोपड्याहून एकाने विचारलंय: आठवडे बाजारात मलमवाला "दाद, खाज, खुजली" असं एका दमात ओरडतो. हे तीन वेगळे आजार का? दाद म्हणजे गजकर्ण, तर मग नायटा कोणता आणि खरूज कोणती?

मलमवाल्याच्या यादीत आजार एकच आहे, दाद. खाज आणि खुजली ही एकाच लक्षणाची दोन नावं, एक मराठी, एक हिंदी. यादी लांबली की मलम जालीम वाटतं, एवढंच. दाद हा शब्द संस्कृत 'दद्रु'वरून हिंदीत आलेला. बऱ्हाणपूर शेजारी असल्यावर खानदेशात तो रुळायला वेळ लागला नसणार. एरवी दाद मागावी लागते, ही न मागता मिळते.

दाद, गजकर्ण, नायटा हे एकच. ही बुरशी. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्यातल्या केराटिन या प्रथिनावर ती जगते. चट्टा बाहेरच्या बाजूने वाढत जातो, म्हणून कड लाल, उंचावलेली, कोंडा सुटणारी आणि मधला भाग निवळलेला. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर गेला की जांघेत, काखेत, करदोट्याखाली घाम मुरतो आणि तिचं फावतं.

खरूज वेगळी. खाज आणि खरूज हे दोन्ही शब्द संस्कृत 'खर्जू'चेच, म्हणून घोळ होतो. पण खरूज होते ती किडीमुळे. तिची मादी जेमतेम अर्धा मिलिमीटरही नसते. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. खाज रात्री जास्त, आणि घरात एकाला झाली की औषध सगळ्यांनी एकदम लावायचं. 'खाजवून खरूज काढणे' हा वाक्प्रचार भांडणापुरता ठीक. किडा नसेल तर कितीही खाजवा, खरूज होत नाही. तो खरा लागू पडतो इसबाला. तिथे ना बुरशी ना किडा, कातडीच बिथरलेली असते, आणि खाजवून खाजवून ती जाड, काळपट होते.

अहिराणीत "आंगले खाज सुटनी" म्हटलं की सगळंच आलं. बोलताना काही बिघडत नाही, बिघडतं ते औषधाच्या दुकानात. "खाजेचं मलम द्या" म्हटल्यावर स्टेरॉइड, म्हणजे खाज-सूज दाबणारं औषध, मिसळलेली ट्यूब हातात पडली, तर इसब शांत होऊ शकतो. गजकर्णाचीही खाज दोन दिवस थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. मग चट्ट्याची ती ठळक कडही पुसट होते, आणि हे गजकर्णच आहे हे डॉक्टरलाही चटकन ओळखता येत नाही.