गुडघ्याजवळची सूज आणि बायोप्सीची भीती

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझा 15 वर्षांचा पुतण्या कबड्डी खेळताना पडला, तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा वरच्या बाजूला ठणकतो. चोळून झाले, हळद-चुन्याचा लेप लावून झाला, तरी दोन महिने सूज वाढतेच आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, करायला सांगितली आहे. पण सुई लागली की गाठ पसरते, असे गावात सगळे म्हणतात. काय करावे?

उत्तर : डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे आणि त्यात दिरंगाई करू नये. वाढत्या वयातील मुलाचे गुडघ्याजवळचे दुखणे आठवडेच्या आठवडे टिकत असेल, विश्रांतीनेही थांबत नसेल आणि सोबत सूज वाढत असेल, तर ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या आक्रमक कर्करोगाची शंका घ्यावीच लागते. पडल्यामुळे हा रोग होत नाही. आधीपासून असलेल्या गाठीकडे त्या निमित्ताने लक्ष जाते, एवढेच. चोळणे आजच थांबवा आणि पायावर भार देऊ देऊ नका, कारण असे हाड किरकोळ धक्क्यानेही मोडते.

हाडातून बाहेर फुटलेल्या किरणांसारख्या रेषा एक्स-रेमध्ये दिसल्या, तर संशय बळावतो. तरीही हाडातील जंतुसंसर्ग, क्षय किंवा आपल्या विदर्भात अनेक घरांत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार यांमुळेही हाड दुखते आणि चित्र फसवे दिसू शकते. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही.

नीट आखून घेतलेल्या बायोप्सीमुळे रोग अंगभर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. जपायचे आहे ते वेगळेच : सुई ज्या वाटेने आत जाते तिथे कर्करोगाच्या पेशी राहू शकतात, त्यामुळे पुढच्या शस्त्रक्रियेत ती वाटही गाठीसोबत काढावी लागते, आणि ती भलत्या जागी पडली तर वाचू शकणारा पायसुद्धा गमावण्याची वेळ येते. म्हणून जे सर्जन शस्त्रक्रिया करणार, त्यांच्याच देखरेखीखाली, एमआरआय झाल्यावर बायोप्सी करावी. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा मेमोरियल येथे विचारणा करा. हा रोग बहुधा आधी फुप्फुसात जातो, त्यामुळे छातीचा सीटी स्कॅनही लागेल.

रोग पसरलेला नसेल तर केमोथेरपी आणि शस्त्रक्रियेने निम्म्याहून अधिक मुले बरी होतात, आणि बहुतेकांचा पायही वाचतो. निघताना रिपोर्टच्या कागदांसोबत एक्स-रेच्या मूळ फिल्म घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्डही जवळ ठेवा.