धिप्पाड फुलबॅक संघाच्या कामी केव्हा येतो?

सर, जालन्याच्या आपल्या हॉकी संघात आलेला धिप्पाड मुलगा खेळात जेमतेम आहे, पण समोरचे फॉरवर्ड त्याला बिचकतात, तेव्हा केवळ धाकासाठी त्याला फुलबॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा बचावपटू, म्हणून खेळवावे का, असे आपण विचारले आहे. जरूर खेळवावे, मात्र तो धाक अंगावर जाण्याचा नसावा, वेळेवर आडवे येण्याचा असावा.

आइस हॉकीत अंगाला अंग भिडवण्याची मुभा असते, म्हणून एडमंटन ऑयलर्स या कॅनडातल्या संघाला आपला हुकमी खेळाडू वेन ग्रेट्झ्की याच्या पाठीशी डेव्ह सेमेन्कोसारखा दांडगा गडी ठेवणे परवडत होते. आपल्या हॉकीत धक्का दिला की शिट्टी वाजते, हिरव्या कार्डाला २ आणि पिवळ्याला किमान ५ मिनिटे खेळाडू बाहेर बसतो आणि तेवढा वेळ संघाला एक गडी कमी घेऊन खेळावे लागते.

अशा मुलाची खरी जागा पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला गोलजवळ मिळणाऱ्या संधीच्या वेळी आहे. मास्क आणि गुडघ्याचे पॅड चढवून, चेंडू आत येताच गोलरेषेवरून सुटून थेट ड्रॅग फ्लिकरवर (स्टिकने चेंडू ओढत गोलाकडे फेकणाऱ्यावर) धावून जाणारा पहिला रशर धिप्पाड आणि निडर असेल, तर फ्लिक घाईत सुटते. शिवाय एक बाजू त्याने झाकल्यामुळे गोलकीपरला दुसऱ्या बाजूवर लक्ष ठेवता येते. आपल्या मुरमाच्या मैदानांवर तर चेंडू उसळतो, फॉरवर्डची नजर क्षणभर खाली जाते आणि ती वर येईपर्यंत असा फुलबॅक स्टिक जमिनीला आडवी टेकवून समोर उभा असला, की पास चुकतोच.

अमित रोहिदास हा भारतीय संघात पेनल्टी कॉर्नरला असाच पहिला रशर. ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध १७व्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळून तो सामन्याबाहेर गेला. त्या निर्णयाबद्दल मतभेद आहेत, परंतु उरलेला सामना भारताच्या दहा जणांनी झुंजून शूटआउटमध्ये जिंकला, तरी जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोहिदास निलंबित होता. तो सामना आपण २-३ असा गमावला आणि जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवरच झाला.

म्हणून त्या मुलाकडून आधी मागे सरत टॅकल करण्याचा आणि रशिंगचा रोज सराव करून घ्यावा. नांदेडच्या गोल्ड-सिल्व्हर कपसारख्या स्पर्धेत कसलेल्या संघांसमोर त्याला उतरवण्यापूर्वी, चेंडू हुकल्यावर तो हात आवरतो की स्टिक फिरवतो, हे सरावाच्या सामन्यांत नीट पाहून घ्यावे.