थंडीत पहाटे माळरानावर पक्षी बघायला जावं का? तिथे झाडंच नसतात, मग दिसणार काय?

'झाडंच नसतात' वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून सहा वर्षं ऐकतोय.

माझं गाव इंदापूर तालुक्यात. गावाबाहेर कुसळी-पवन्या गवताचा माळ आहे. एका डिसेंबरात पहाटे तिकडे गेलो, तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. चालता चालता पुढ्यातल्या गवतातून एक भोवत्या (हॅरियर, माळावरचा शिकारी पक्षी) उठला. मग दुसरा, तिसरा. जागच्या जागी थांबून मोजले, एकवीस भरले. गवताला जवळजवळ घासत, आवाज न करता पांगले. हे पक्षी पार कझाकस्तानाकडून येतात आणि रात्री झाडावर नाही, जमिनीवर गवतात झोपतात. मी नकळत त्यांच्या रातथाऱ्यात शिरलो होतो, ती माझी चूकच.

ते बसले होते तिथे ताटाएवढं गवत दबलेलं होतं. कडेला पांढरी विष्ठा आणि बोटाच्या पेराएवढी, पक्ष्याने ओकलेली एक राखाडी गोळी. फोडली तर आत नुसत्या नाकतोड्यांच्या तंगड्या.

दाजींना नेऊन सगळं दाखवलं. म्हणाले, "पडीक माळ आहे, चार झाडं लागली तर सावली तरी होईल." पुढच्या पावसाळ्यात एक संस्था आणून त्यांनी तिथेच खड्डे घेतले. ग्लिरिसिडिया, करंज. त्या हिवाळ्यात मी अकरा वेळा पहाटे गेलो. एकही भोवत्या नाही.

सरकारदरबारीही असे माळ पडीकच धरतात. साफ चूक आहे. आमच्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात गवत हेच जंगल. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य केलं, त्या पक्ष्यालाही झाडं नव्हे, उघडा माळच लागतो.

तर जा, नक्की जा. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, साडेसहाला माळावर हवं. धाविक, पखुर्ड्या, खाटीक, चंडोल दिसतील. नऊनंतर उन्हाने हवा थरथरते, दुर्बिणीतून नीट दिसत नाही. भोवत्यांचा रातथारा बघायचा तर सूर्यास्ताआधी तासभर, तोही लांबून. कडबनवाडीसारख्या वनखात्याच्या माळावर जाणार असाल तर परवानगीचं आधी बघा.

भोवत्ये जागा बदलतात, पाऊस कमी झाला तर नाकतोडेही कमी होतात, हे खरं. एका हिवाळ्यावरून सगळा दोष खड्ड्यांवर टाकता येणार नाही. पण गुडघाभर गवत होतं तिथे आता मुरूम उघडा पडलाय.

दाजी माझी उत्तरं वाचतात. दाजी, करंजाची रोपं दुसऱ्याच उन्हाळ्यात वाळली, खड्डे तसेच आहेत. बुजवायला फावडं घेऊन मी येतो, तुम्ही फक्त हो म्हणा.