शेती, उद्योग, सेवा: या क्रमाने समाज पुढे जातोच का?

आपला प्रश्न असा आहे की, शेतीकडून उद्योगाकडे आणि उद्योगाकडून सेवाक्षेत्राकडे गेलेला समाज आपोआप प्रगत होतो का, आणि भारताने मधली पायरी घाईने ओलांडल्यामुळे काही बिघडले का. आपोआप प्रगत होत नाही, आणि बिघडले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲलन फिशर आणि कॉलिन क्लार्क या अर्थशास्त्रज्ञांनी हा तीन क्षेत्रांचा क्रम मांडला, तेव्हा त्यांच्यासमोर असे देश होते जिथे शेतातून निघालेल्या माणसाला कारखान्याने सामावून घेतले होते. आपल्याकडे राष्ट्रीय उत्पन्नात सेवांचा वाटा निम्म्याच्या वर गेला, तरी काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के माणसे अजून शेतीतच आहेत.

नागपुरात राहणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १८६७ मध्ये रेल्वे आली, वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस हाताशी होता, आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिथे १८८६ मध्येच कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला; भविष्य निर्वाह निधीचा कायदा देशात व्हायला १९५२ उजाडले.

आमचे घर विणकरांचे. गोळीबार चौकाच्या मागच्या वस्तीत आजोबांचा हातमाग होता. गल्लीत पांजण, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ देण्याचे काम, लागे, आजी रहाटावर कांड्या भरी, आत्या सूत उकलीत, आणि लुगडे पेठेत गेले की येणारा पैसा साऱ्या घराचा असे. वडील एका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, लागले, आधी बदली (गैरहजर कामगाराच्या जागी) म्हणून आणि मग कायम, तेव्हा पगार त्यांच्या एकट्याच्या नावावर येऊ लागला आणि आजीच्या हातचे काम संपले. औद्योगिकीकरणाने घरातल्या बाईची कमाई कशी पुसली, हे क्षेत्रांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. मात्र त्याच पगारामुळे किराणावाल्याच्या वहीत वडिलांच्या नावापुढे ‘साचे’ एवढाच शब्द लिहिलेला असे आणि महिनाभर उधारी बिनबोभाट चाले. त्या एका शब्दावर घर भाड्याने मिळाले, दोन्ही बहिणी मॅट्रिकपर्यंत शिकल्या, आणि सोयरिकीच्या बोलण्यात ‘मुलीचे वडील गिरणीत कायम आहेत’ हे वाक्य पुरेसे ठरले.

पुढे गिरणी बंद पडली. थकलेली देणी वर्षानुवर्षे मिळाली नाहीत, वडील एका इमारतीवर रात्रपाळीचे चौकीदार झाले आणि किराणावाला रोख मागू लागला. सरकारी गणतीच्या भाषेत वडील त्या दिवशी उद्योगातून सेवाक्षेत्रात गेले, म्हणजे क्रमाने एक पायरी वर चढले.

माझे मेहुणे सरकारी नोकरीतून पेन्शनवर निवृत्त झाले आहेत आणि प्रत्येक लग्नकार्यात ते सांगतात की, गिरण्या युनियनने आणि संपांनी बुडवल्या. हे साफ चूक आहे. मालकांनी वर्षानुवर्षे जुनीच यंत्रे चालवली, कृत्रिम धाग्याने सुती कापडाची बाजारपेठ खाल्ली, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तेच कापड कामगार कायद्यांना बगल देऊन स्वस्तात निघू लागले. संपांनी नुकसान केले नाही असे मी म्हणत नाही, पण संपाआधीच दुखणे जडले होते.

म्हणून आपण यावर काही लिहिणार असाल, तर कोणत्या क्षेत्रात किती माणसे गेली एवढेच मोजू नका. त्या कामाबरोबर भविष्य निर्वाह निधी, नेमणुकीचे पत्र आणि उद्याची खात्री आली का, ते विचारा. समाज बदलतो तो त्यामुळे. माझा पुतण्या नागपूरजवळच्या बुटीबोरीकडे एका गोदामात ठेकेदारामार्फत बारा-बारा तास काम करतो. त्याच्या हातात नेमणुकीचे पत्र नाही, आणि मुलीकडचे लोक ‘कायम कधी होणार’ असे विचारतात तेव्हा घरातले सगळे गप्प बसतात.

दोन गोष्टी इथे नोंदवणे आवश्यक आहे. गिरणीतले काम सुखाचे नव्हते. कापसाच्या तंतूंनी छाती आणि साच्यांच्या आवाजाने कान जात. शिवाय कारखाना आला म्हणजे जात गेली, असेही झाले नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला (आडवे सूत नेणाऱ्या नळीतला) धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून साचेखाते अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होते आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो प्रश्न लावून धरावा लागला.

तरीही मेहुण्यांना मी एक प्रश्न अनेकदा विचारला आहे: पुतण्याच्या गोदामात युनियन नाही, आजवर एकही संप झालेला नाही, मग तिथल्या माणसाला गिरणीतल्या बदली कामगाराइतकीही कायम होण्याची आशा का नाही? त्याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.