आधी कंट्रोलचे पेले मोज

प्रिय,

डासांच्या अळ्या मारायला तपासलेल्या चाळीस संयुगांपैकी अकरा 'जबरदस्त' निघाली, असं तू लिहिलंस. अकरा? आनंदाआधी शंकाच आली मला. कंट्रोलमधल्या, म्हणजे संयुग न घातलेल्या पेल्यांतल्या, किती अळ्या मेल्या, ते पत्रात कुठेच नाही.

मीही एकदा कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क तपासला होता. शंभरपैकी शंभर अळ्या गार! आठवडाभर हवेत होतो. मग माझ्या सरांनी विचारलं, "नुसतं अ‍ॅसिटोन घालून पाहिलंस का?" अर्क अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला होता, पण माझ्या कंट्रोलमध्ये साधं पाणी होतं. घातलं, तर त्यातही अळ्या मेल्या. अ‍ॅसिटोन मी मापाबाहेर ओतत होतो आणि श्रेय कडुनिंबाला देत होतो.

तेव्हा 100 मिलिलिटर पाण्यात 25 अळ्या, असे चार पेले संयुगाचे असतील तर चार नुसत्या द्रावकाचेही (संयुग ज्यात विरघळवतोस त्या द्रवाचे) ठेव. 24 तासांनी आधी तेच मोज. तिथे 5 ते 20 टक्के अळ्या मेल्या असतील तर अ‍ॅबटचं सूत्र लाव; ते कंट्रोलमधले मृत्यू वगळून संयुगाचा खरा परिणाम काढतं. संयुगात 60 टक्के आणि कंट्रोलमध्ये 10 टक्के मेल्या, तर 60 वजा 10 म्हणजे 50, त्याला 100 वजा 10 म्हणजे 90 ने भाग; खरा आकडा 55.6 टक्के. मृत्यू 20 टक्क्यांच्या वर गेले तर चाचणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे, ठाऊक आहे.

मोजताना डोळ्यांवर विसंबू नकोस. हिवताप पसरवणाऱ्या डासाची, म्हणजे अ‍ॅनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी पडून असते; मेलेली कुठली आणि निवांत कुठली, कळत नाही. सुईनं हलकेच डिवच. धडधाकट असेल ती झटकन बुडी मारते आणि परत वर येते. जागच्या जागी वळवळते पण वर येऊ शकत नाही, ती मेलेल्यांत धर.

उरलेली 29 संयुगं मात्र फेकू नकोस. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अ‍ॅटोव्हॅक्वोन, म्हणजे माणसांना देतात तेच हिवतापाचं औषध, काचेवर लावून अ‍ॅनॉफिलिसच्या माद्या त्यावर सहा मिनिटं बसवल्या. माद्या जगल्या, पण त्यांच्या पोटात हिवतापाचा परजीवी वाढलाच नाही. त्या डासांपासून हिवताप पसरणार कसा? तुझ्या तक्त्यात मात्र मेलेल्यांचा एकच रकाना आहे. तिथे या औषधापुढे शून्य पडलं असतं.

अकराची यादी तूर्त कुणाला दाखवू नकोस. द्रावकाच्या चार पेल्यांचे आकडे आधी पाठव.

तुझा,
सर